सरांचे हुलगे

माझ्या घरात हुलगे शिजत नाहीत. थंडी पडली की शेजारपाजारी हुलग्याच्या पिठाचे शेंगोळे होतात, कोणी ना कोणी वाटी आणून देतं, आणि मी ती झाकून ठेवते नि कामाला येणाऱ्या बाईंना देऊन टाकते. "अहो, चव तरी बघा," म्हणतात. बघितलीय म्हणावं, चांगली बघितलीय. पण तेवढ्यावर भागत नाही, पुढचं सगळं सांगावं लागतं, आणि दारात उभ्या उभ्या सांगण्यासारखं ते नाही.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. नाशिकच्या एका कॉलेजात मी डेमॉन्स्ट्रेटर होते. एम.एस्सी. झालेली, लग्न न झालेली आणि लग्नाचा विषय काढणाऱ्याला तिथल्या तिथे गप्प करणारी. विभागात सगळे मला वचकून असत, एक सर सोडून. सर जीवशास्त्र शिकवायचे. निवृत्तीला फार वर्षं उरली नव्हती. अंगात पांढरा बुशशर्ट, खिशात तपकिरीची डबी, आणि डबी उघडली की बोलणं मध्येच थांबायचं, मग एक सणसणीत शिंक, मग वाक्य पुढे चालू. तपकिरीपायी नाकाला वास येणं कधीच बंद झालं होतं. फॉर्मॅलिनची बरणी फुटली तरी ह्यांना पत्ता नसायचा, आम्ही डोळे पुसत व्हरांड्यात.

सरांच्या डोक्यात एकच प्रश्न होता. पेशीच्या अंगावर काय काय असतं, आणि बाहेरचा कोण येऊन त्याला धरतो. "आपल्याला एवढंच विचारायचंय गं," मला म्हणायचे, "कोण कोणाला धरतं आणि कधी सोडतं. सगळं जगणं त्याच्यावर चाललंय." मोठ्या शहरांतून ह्यासाठी यंत्रं होती. आमच्याकडे रक्तातल्या पेशी वेगळ्या करायला हाताने फिरवायचं सेंट्रिफ्यूज होतं, सायकलच्या पायडलसारखं गरगरा फिरवा आणि दंड भरून आला की थांबा. फ्रिज होता तो प्राचार्यांच्या खोलीत. त्यात आमच्या बाटल्या त्यांच्या ताकाशेजारी बसायच्या, आणि त्यावरून त्यांचं आणि माझं कायम वाजायचं.

अशा ठिकाणी काय करता येईल, तर दाण्यांचा प्रयोग. काही कडधान्यांत एक प्रथिन असतं. दाणे कुटून मिठाच्या पाण्यात भिजवले, गाळले, की ते पाण्यात उतरतं. त्याला जणू दोन हात असतात, आणि दोन्ही हात लाल पेशीच्या अंगावरची एक विशिष्ट साखर शोधत असतात. एका हाताने ही पेशी धरली, दुसऱ्याने ती, की रक्ताच्या गुठळ्या होतात. साखर नसेल तर धरायला काही नाही. हुलग्यातलं प्रथिन ए गटाच्या रक्ताला धरतं, ओ आणि बी गटाला शिवत नाही, हे जगाला आधीपासून माहीत होतं. सरांनी ते शोधलं नव्हतं आणि तसं ते कधी म्हणालेही नाहीत.

बघण्याची पद्धत सोपी होती. खळगे असलेली एक प्लेट. पहिल्या खळग्यात दाण्याचं पाणी, पुढच्यात निम्मं पातळ केलेलं, त्यापुढच्यात आणखी निम्मं, असं शेवटपर्यंत. प्रत्येकात धुतलेल्या लाल पेशींचा एक थेंब. मग प्लेट हलवायची नाही. पेशी एकमेकींना धरून राहिल्या तर तळाशी पातळ लाल चादर पसरते. कोणी धरलंच नाही तर त्या सुट्या सुट्या घरंगळत मधोमध जमतात आणि एक गोल लाल टिकली होते. चादर म्हणजे हो, टिकली म्हणजे नाही. सरांचं रक्त ए, माझं ओ. दर आठवड्याला दोघं बोटं टोचून घ्यायचो. माझ्या ओळीत कायम टिकल्याच. "तुझं रक्त अगदी तुझ्यावर गेलंय," सर म्हणायचे, "कोणाच्या हाताला लागत नाही." दुसरं कोणी म्हणालं असतं तर मी त्याचं काही ठेवलं नसतं.

काकू, म्हणजे सरांची बायको, पेठकडच्या डोंगरातल्या. त्यांचा भाऊ दिवाळी झाली की माहेरचं काहीबाही घेऊन एसटीने यायचा. एकदा त्याने हुलग्यांचं पोतं आणलं. बारीक, काळपट दाणे. तो म्हणाला, "दाजी, ह्ये हुलगं लय कडक हाये. बैलाला चारलं तर बैल आवरत नाय." सरांनी गंमत म्हणून मूठभर दाणे पुडीत बांधून कॉलेजात आणले. मी खलबत्त्यात कुटले, गाळलं, प्लेट लावली. शेजारी बाजारातले हुलगे, रविवार कारंज्यावरून आणलेले. बाजारातल्यांची चादर चार-पाच खळग्यांत संपली. डोंगरातल्यांची प्लेट संपली तरी चादर संपेना. दुसरी प्लेट लावली, तिच्यातही अर्ध्यापर्यंत. आणि माझ्या ओ रक्ताच्या ओळीत शेवटपर्यंत स्वच्छ टिकल्या.

सर त्या प्लेटकडे कितीतरी वेळ बघत राहिले. तपकिरीची डबी हातात उघडी तशीच.

हे का मोठं होतं ते सांगते. रक्तगट बघायला लागणारं सीरम तेव्हा मुंबईहून यायचं, बर्फात घालून, एसटीच्या पार्सलने. नाशिकपर्यंत कसंबसं टिकायचं. तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत त्याचं पाणी झालेलं असायचं. सरांची धाकटी बहीण अशाच एका दवाखान्यात बाळंतपणात गेली होती. गट नीट कळेना म्हणून रक्त द्यायचं थांबवलं, आणि तोवर ती थांबली नाही. सर हे एकदाच बोलले होते, तेही प्लेट धुताना, पाठमोरे. डोंगरातल्या एका दाण्याने निदान ए गट तरी ओळखता आला, तोही मिठाच्या पाण्यात भिजवून, तर कोणाच्या पार्सलची वाट बघायला नको. त्यांना पदवी नको होती, नाव नको होतं. हा दाणा खरा ठरायला हवा होता, बस.

त्या हिवाळ्यात आम्ही तो प्रयोग किती वेळा केला ह्याला गणती नाही. साखर आधी घालून बघितली, की प्रथिनाचे हात तिनेच भरून जातात आणि पेशी सुट्या राहतात. तसंच झालं, चादरीच्या टिकल्या झाल्या. म्हणजे धरणं खरं होतं आणि कशाला धरतंय तेही कळलं. सरांनी एक छोटा लेख लिहून पाठवला आणि तो छापूनही आला. काकूंनी शिरा केला. त्या लेखातलं त्यांना अक्षर कळलं नाही, पण माहेरच्या गावाचं नाव इंग्रजीत छापलंय एवढं मी दाखवलं, त्यावरून त्यांनी दोनदा बोट फिरवलं.

मग उन्हाळ्यात पोत्याला कीड लागली. सगळं पोतं. दाण्यादाण्याला भोक, पोत्यात हात घातला तर पीठ. सर इतके शांत, पण त्या दिवशी काकूंवर असे कडाडले की मी निरोप न घेताच चप्पल घालून निघाले. "एवढं एक काम सांगितलं होतं तुला," हे वाक्य मला जिन्यात ऐकू आलं. पुढे पंधरा दिवस काकू सरांशी कामापुरतंच बोलत होत्या. सरांनी माफी मागितली असेल, पण ज्या पिढीची ती माणसं, त्या पिढीत माफी म्हणजे येताना गजरा आणणं. तो त्यांनी आणला, हे मला माहीत आहे, कारण बाजारात मीच बरोबर होते.

पुढच्या दिवाळीनंतर भाऊ पुन्हा आला. पोतं लहान होतं. "आता ह्ये शेवटचं," तो म्हणाला. "धरन भरतंय. पुढल्या साली आमच्या शेतात पानी. गावच उठलं, काय ऱ्हायलंय." त्याला चहा दिला तो त्याने बशीत ओतला आणि गार होईपर्यंत बघत बसला. काकू आत गेल्या आणि बराच वेळ बाहेर आल्या नाहीत. पोतं मात्र त्यांनी स्वतः ताब्यात घेतलं. ह्या वेळी सरांना हातही लावू दिला नाही. निवडलं, पाखडलं, कडुनिंबाचा पाला घालून डबे भरले, झाकणं घट्ट लावली. सर मला कौतुकाने सांगत होते, "यंदा बघ, एक दाणा किडणार नाही."

नवीन दाण्यांची पहिली प्लेट मी लावली. टिकल्या. सगळ्या ओळींत टिकल्या, पहिल्या खळग्यापासून. मला वाटलं, मीठ चुकलं. पुन्हा केलं. मग सरांनी स्वतः केलं. मग दुसऱ्या डब्यातले दाणे, मग जास्त वेळ भिजवून, मग विभागातल्या ए गटाच्या आणखी दोघांचं रक्त घेऊन. काहीच धरत नव्हतं. शेजारी बाजारातले हुलगे आपले इमानाने चार-पाच खळगे चादर घालत होते. म्हणजे पद्धत ठीक, रक्त ठीक, पाणी ठीक. शेत तेच, वाण तोच, डबे बंद. मग गेल्या वर्षी काय बघितलं आपण?

नेमकं तेव्हाच पुण्याच्या एका प्रयोगशाळेतून पत्र आलं. लेख वाचला, प्रयोग डोळ्यांनी बघायला येतो, चालेल का. मी म्हटलं, सर, सध्या जमणार नाही असं कळवू. सर म्हणाले, "येऊ देत. लपवायचं काय त्यात?"

ते दोघं आले. सभ्य माणसं होती, तेच वाईट झालं. उर्मट असती तर मला बोलता तरी आलं असतं. सरांनी त्यांच्यासमोर प्लेट लावली. मग सगळे खुर्च्यांवर बसून राहिलो. बाहेर पोरांचा क्रिकेटचा आरडाओरडा चालू होता. वेळ झाल्यावर सरांनी प्लेट उजेडाकडे धरली. ओळीने लाल टिकल्या, एका माळेत ओवल्यासारख्या. त्यांतला मोठा म्हणाला, "होतं सर असं कधी कधी." आणि चहा घेऊन ते दुपारच्या गाडीने गेले.

त्यानंतर सरांनी कारण शोधायला घेतलं, आणि शोधत शोधत स्वतःपाशी येऊन थांबले. पोरांच्या रक्तगटाच्या प्रॅक्टिकलला आम्ही मुंबईहून आलेलं अँटी-ए सीरम वापरायचो. तेच ड्रॉपर धुऊन दाण्यांच्या प्रयोगाला. ड्रॉपर धुवायचे सर, कारण दुसऱ्या कोणावर त्यांचा भरवसा नव्हता. "सीरमचा अंश राहिला असणार त्यात," मला म्हणाले. "तेच ए पेशींना धरत होतं. दाणा नव्हे." मी भांडले. म्हटलं, मग साखरेने ते सुटलं कसं? मग बाजारातल्या दाण्यांना तो अंश कसा नाही लागला? अंश म्हणता, आणि तो दर वेळी, महिनोन्महिने? त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, मला जे हवं होतं तेच मी बघत होतो. माणूस असाच फसतो." आणि लेख मागे घेत असल्याचं कळवून टाकलं. त्यात माझं नाव कुठे येऊ दिलं नाही.

स्टाफरूममध्ये एकजण विचारायचा, "काय सर, यंदा हुलगे कसे आहेत?" सर हसायचे. मी एकदा त्याला सगळ्यांसमोर असा झाडला की पुढे तो माझ्या वाटेला गेला नाही. पण सरांचं हसणं काही त्याने थांबलं नाही, आणि मला ते हसणंच बघवत नव्हतं. ते पुन्हा प्रयोगाला बसले नाहीत. निवृत्त झाले, निरोप समारंभाला शाल घेतली, दोन वाक्यं बोलले. त्यानंतर वर्ष पुरतं झालं नसेल, हृदयाने दगा दिला आणि गेले. दवाखान्यात मी शेवटची भेटले तेव्हा मला म्हणाले, "ड्रॉपर उकळून घेत जा गं." त्यांच्या मनात दुसरं काही नव्हतंच.

दिवसकार्य झाल्यावर काही दिवसांनी काकूंकडे गेले. निघताना त्यांनी एक लहान डबा भरून हुलगे दिले. "एकटीच असतेस, उसळ कर. घरात पडून आहेत नुसते." मी घेतले. घरी भिजत घातले, फडक्यात बांधून ठेवले. मोड आले नाहीत. आणखी एक दिवस ठेवले, तर चिकट होऊन आंबूस वास यायला लागला. फेकून दिले. मनात काही आलं नाही, जुने झाले असतील म्हटलं.

पुन्हा गेले तेव्हा काकू शेंगोळे वळत बसल्या होत्या. बोलता बोलता मी म्हटलं, "काकू, ते हुलगे जुने झाले वाटतं. मोड येईनात."

काकू चक्क हसल्या. सर गेल्यापासून पहिल्यांदा. "अगं, मोड कुठून येतील? भाजलेत ते."

"भाजलेत?"

"मग! आदल्या वर्षी सगळे किडले आणि हे केवढे चिडले, तुझ्यासमोरच की. म्हणून त्या वर्षी पोतं आल्या आल्या मी पाण्याचा हबका मारून सगळे खमंग भाजून काढले आणि मगच डबे भरले. आमच्या आईची पद्धत. बघ ना, एक दाणा किडला नाही."

पाणी मारून भाजलेल्या दाण्यात ते प्रथिन कसं राहणार? अंडं उकडलं की पुन्हा पातळ होतं का? धरणारे ते हात कढईतच गळून गेले होते. आणि सरांच्या नाकाला खमंग वास कधी येणार नव्हता, आणि मला आला तो कडुनिंबाचा.

"सरांना माहीत होतं?" मी विचारलं.

"त्यांना काय सांगायचं स्वयंपाकघरातलं? डबे चांगले राहिले म्हणून खूष होते." काकूंनी शेंगोळं ताटात ठेवलं, पुढचा गोळा घेतला. मग हळूच म्हणाल्या, "आजारात एकदा मला म्हणाले, तुझ्या माहेरच्या दाण्यात काही नव्हतंच गं, चूक माझी होती. मला फार लागलं ते. शेत गेलं, गाव गेलं, भाऊ कुठे लांब जाऊन पडला. म्हटलं, एवढं एक होतं आमचं, त्यातही काही नव्हतं."

खरं सांगितलं तर सर निर्दोष, दाणा निर्दोष, आणि सगळं ह्या बाईच्या कढईवर. नाही सांगितलं तर सर आयुष्यभर चुकलेले. मी म्हटलं, "काकू, दाण्यात होतं. सरांचं बरोबर होतं. मी बघितलंय."

"मग त्या पुण्याच्या लोकांसमोर का नाही झालं?"

"प्रयोग आहे तो. कधी कधी नाही होत." त्या मोठ्या माणसाचंच वाक्य माझ्या तोंडात आलं.

त्यांनी शेंगोळ्याची वाटी माझ्यापुढे ठेवली. मी खाल्लं, सगळं खाल्लं. चांगली बघितलीय म्हणते ती हीच चव. मी खात असताना काकू उठल्या, फळीवरून मोठा डबा काढला, फडक्याने पुसला आणि माझ्या मांडीवर ठेवला. "मग हे आहेत की अजून. ह्यांतलेच. पाठव त्या लोकांना, परत करून बघा म्हणावं. ह्यांच्या नावावरचा डाग तरी सुटेल."

कॉलेजात जाऊन मी बाजारातले हुलगे अर्धे तसेच ठेवले आणि अर्धे पाण्याचा हबका मारून भाजले. प्लेट लावली. तशाच ठेवलेल्यांची चादर, भाजलेल्यांच्या टिकल्या. एवढं सिद्ध झालं. सरांचा दाणा खरा होता हे सिद्ध करायला न भाजलेला एक दाणा लागला असता, आणि तो पिकायचा ते शेत पाण्याखाली. काकूंच्या भावाचा नवा पत्ता काढून त्याला विचारलं. म्हणाला, "त्यो वान आता कुठं ऱ्हायला, ताई."

डबा घेऊन आल्यानंतर काकू सहा-सात वर्षं होत्या. दर भेटीत चहा ठेवता ठेवता विचारायच्या, "आलं का गं काही पुण्याहून?" मी म्हणायचे, "अजून नाही, काकू. त्यांना वेळ लागतो." शेवटी शेवटी त्यांना माणसं ओळखू येईनात. स्वतःच्या मुलीलाही नावाने हाक मारता येत नव्हती. माझा हात मात्र त्यांनी धरला, आणि तेच विचारलं.

"आलं, काकू," मी म्हटलं. "झालं म्हणतात. शेवटच्या खळग्यापर्यंत झालं."

त्यांनी मान हलवली आणि हात सोडला. डबा माझ्याकडे आहे. अजून एक दाणा किडलेला नाही.